मदत हवी आहे: चार्जर मोकळा नाही हे पाहून पुढे गेलेल्या गाड्या डेटात कशा पकडायच्या?

नमस्कार मंडळी,

पुणे-कोल्हापूर महामार्गावरच्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या काही चार्जिंग स्टेशनांच्या नोंदी माझ्याकडे विश्लेषणासाठी आल्या आहेत. पुढचा चार्जर कुठे बसवायचा ते त्यावरून ठरेल. मालकांचं म्हणणं, जिथे विजेचे युनिट जास्त विकले जातात तिथे बसवू. मला ते पटत नाही. चार्जरच्या दोन्ही गन (गाडीला लावायचे प्लग) वापरात असताना आलेली गाडी तशीच पुढे निघून जाते, तिची कुठेच नोंद होत नाही. आपल्या हाती आहे ती विक्री, मागणी नव्हे.

सध्या मी एक तरी गन मोकळी होती तेवढाच वेळ घेते, त्यात ताशी किती गाड्या लागल्या ते काढते आणि तोच दर भरलेल्या वेळेलाही लावते. एरवी हे बरं चालतं. पण जोडून सुट्ट्या आल्या की मोकळा वेळ जवळजवळ उरतच नाही, आणि खरी गरज तेव्हाचीच असते. तिथे अंदाज कशावरून बांधायचा? ॲपवर स्टेशन उघडून पाहणाऱ्यांच्या नोंदी मिळतील, पण पाहणारा प्रत्येक जण येणारच होता असं कसं धरणार?

दुसरी अडचण रांगेच्या गणिताची. इथले चार्जर 60 किलोवॅटचे, दोन गाड्या लागल्या की 30-30 वाटून देणारे. म्हणजे शेजारी गाडी लागली की आधीच्या गाडीचाही वेळ लांबतो. त्यात 80 टक्क्यांनंतर बॅटरी सावकाश भरते. एम/एम/2 चं (दोन खिडक्या एकमेकींवर परिणाम न करता चालतात असं धरणाऱ्या रांगेचं) नेहमीचं सूत्र इथे चुकीचं उत्तर देणार. सिम्युलेशनच करावं का? पायथनमधली सिमपाय ही सिम्युलेशनची लायब्ररी कुणी अशा कामाला वापरली आहे?

चार्जिंग संपूनही गाडी न काढल्याचा वेळ ओसीपीपीच्या (चार्जर आणि सर्व्हर यांच्यातल्या संदेशांच्या प्रमाणित पद्धतीच्या) ‘फिनिशिंग’ स्थितीवरून निघतो, तो मी वेगळा काढला आहे. काही ठिकाणी नव्या चार्जरपेक्षा थांबण्याचं शुल्क लावणं जास्त उपयोगी पडेल असं मला वाटतं. तसंच एकाच ग्राहकाची काही मिनिटांत लागोपाठ शून्य युनिटांची सत्रं दिसली, तर ती मी फसलेला प्रयत्न म्हणून एकच गाडी धरते. हे योग्य आहे ना?

कॅलटेक या अमेरिकी विद्यापीठाचा खुला एसीएन-डेटा (चार्जिंग सत्रांच्या नोंदी) पाहिला, पण तो कॅम्पस आणि कामाच्या जागेवरच्या पार्किंगचा. तिथे गाडी तासन्‌तास उभी असते. महामार्गावरचा असा खुला डेटा कुणाला माहीत असेल तर कृपया सांगा.