ती बाटली मनीला लावू नका

(कुटुंबाचा ग्रुप : ‘देवगडचं घर’)

काकी : मनीक लय पिसू झालेहत. रात्रभर खाजवत बसता. पिल्लांच्या अंगारय दिसतत. चतुर्थेक सगळी येतली, तेच्या आधी कायतरी करूक व्हया.

सुनीलदादा : काकी, काळजी नको. आमच्या ब्रूनोसाठी आणलेले पिसवांचे थेंब आहेत. तीन पिपेट उरलेत. कुरियर करतो. मांजर लहान असतं, तेव्हा अर्धाच लाव.

काकी : शेजारच्यान गुरांच्या गोचडीचा औषध दिल्यान हा. पाण्यात घालून दुपारी आंघोळ घालूचा म्हणतंय.

वैशाली : काकी थांब. दोन्हीपैकी काहीही लावू नको. आधी सांग, अंगाला लावलंस का?

वैशाली : काकी??

काकी : अजून नाय गो. बाटली ओटीर ठेवलंय.

वैशाली : बरं झालं. ती आधी पोरांच्या आणि मांजरांच्या हाताबाहेर, उंच ठेव. दादा, डब्यावर बारीक अक्षरात घटक लिहिलेत, ते वाचून सांग.

सुनीलदादा : पर्मेथ्रिन. आणखी एक नाव आहे. ब्रूनोला वर्षभर लावतोय, त्याला काही झालं नाही.

वैशाली : ब्रूनोला होणारच नाही, तो कुत्रा आहे. मांजराला त्यानेच मरण येऊ शकतं. मागच्या वर्षी आमच्या बोक्याचं काय झालं ते मी ग्रुपवर लिहिलं नव्हतं. तेव्हा लिहायची ताकदच नव्हती.

दुकानात ‘कुत्र्या-मांजराला दोन्हीला चालतं’ म्हणून थेंब दिले. मी डबा न वाचता रात्री लावले. पहाटे त्याचे कान थरथरत होते. मला वाटलं, पावसात भिजून थंडी भरली. तासाभरात पाय लटपटायला लागले, तोंडातून लाळ, मग आकडीच आली. अंग तव्यासारखं तापलं होतं. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, ‘कोमट पाण्याने, भांडी घासायच्या साबणाने मान आणि पाठ धू, टॉवेलात गुंडाळ आणि ताबडतोब आण. गरम पाणी नको, गरम पाण्याने औषध कातडीतून जास्त शोषलं जातं.’ सलाईन, आकडी थांबवायची इंजेक्शनं, दोन रात्री दवाखान्यात. वाचला. त्याच दवाखान्यात आलेलं आणखी एक मांजर वाचलं नाही. तिथेही कुत्र्याचेच थेंब होते.

काकी : देवा रे.

सुनीलदादा : पण अर्धाच डोस म्हटलं होतं मी. तेही नाही?

वैशाली : नाही दादा. कुत्र्यांच्या या थेंबांत पर्मेथ्रिन ४५ टक्के, कधी ६५ टक्केसुद्धा असतं. ४५ टक्क्यांचा फक्त १ मिलिलिटर साडेचार किलोच्या मांजराला लागला तरी जिवावर बेतू शकतं. मनी तर तीन किलोचीही नसेल. शरीर लहान म्हणून डोस लहान, हा हिशेब इथे चालतच नाही. ही औषधं पचवून बाहेर टाकायला यकृतात जे एन्झाइम लागतं, ते मांजरात फार थोडं असतं. ते औषध नसांवर बसून राहतं आणि नसा एकसारख्या झटके देत राहतात. तापाची पॅरासिटामॉल मांजराला विषारी ठरते, तीही याच कमतरतेमुळे. म्हणून माणसांची गोळीही कधी देऊ नका.

काकी, गुरांच्या गोचडीच्या बाटल्यांतही बहुतेक वेळा डेल्टामेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिन असतं. ती त्याच कुळातली. काहींत अमिट्राझ असतं, तेही मांजराला नको.

नेहा : आत्या, मग नैसर्गिक काही? कापूर आणि कडुनिंबाचं तेल? इथे लोक टी ट्री ऑईल पण लावतात.

वैशाली : कापूर आणि टी ट्री ऑईल दोन्ही मांजराला विषारी. मांजर अंग चाटून साफ करतं, म्हणजे जे लावशील ते पोटात जातं. कडुनिंबाचं तेलही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. फिनेलच्या पाण्याने पडवी पुसली तर पूर्ण वाळेपर्यंत मनीला आत घेऊ नका. रॉकेल, डांबरगोळ्या, मुंग्यांचा खडू यांतलं काहीही तिच्या जवळ नको. लसूण खायला घातला की पिसवा जातात म्हणतात, त्याने मांजराचं रक्तच कमी होतं.

काका : वैशाली, मग करायचं काय ते सांग. पिल्लं नागपंचमीच्या आदल्या आठवड्यात झाली.

वैशाली : म्हणजे काका, जेमतेम महिन्याची. मांजरांचे बरेचसे थेंब ८ आठवड्यांच्या आतल्या पिल्लांना लावत नाहीत. त्यांच्यासाठी आपली लिखा काढायची बारीक फणीच उत्तम. मान आणि शेपटीच्या मुळाशी विंचरायचं आणि फणी साबणाच्या पाण्यात बुडवायची, पिसवा त्यातच मरतात. फणीत काळी रवाळ घाण आली तर ओल्या पांढऱ्या कागदावर टाका. तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे प्यालेलं रक्त. इवल्या पिल्लांना यानेच पांडुरोग होतो. तुम्ही पिल्लांच्या हिरड्या बघून सांगा. पांढुरक्या असतील तर उद्याची वाट बघू नका.

मनीला झाकणाच्या करंडीत घालून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. वजन करून घ्या. डब्यावर ‘मांजरासाठी’ असं लिहिलेलंच औषध घ्या, आणि पिल्लं अंगावर पितात हे डॉक्टरांना सांगायला विसरू नका. थेंब मानेच्या मागे, कवटीच्या खाली, केस बाजूला सारून कातडीवर लावायचे, कारण तिथे तिची जीभ पोचत नाही. सुकेपर्यंत पोरांनी उचलायचं नाही, पिल्लांना कधी जवळ सोडायचं तेही डॉक्टरांनाच विचारा. आणि पिसवा दिसतात म्हणून आठवड्याने परत लावायचं नाही. डॉक्टर सांगतील तेवढ्याच अंतराने.

सुनीलदादा : आठवड्याने दिसल्या तर औषध फुकट गेलं असंच ना?

वैशाली : नाही, आणि हेच लोकांना समजत नाही. अंगावरच्या पिसवा म्हणजे साधारण ५ टक्के. बाकी अंडी, अळ्या, कोश घरात. एक मादी दिवसाला ४०-५० अंडी घालू शकते, ती घरंगळून पडवीत, गोणपाटात, गोधडीत, सारवलेल्या जमिनीच्या भेगांत पडतात. आपली श्रावणातली दमट हवा त्यांना पोषकच, कोरड्या हवेत अळ्या मरतात. कोश तर बंद खोलीत महिनोन्‌महिने थांबतात. माणसाच्या पावलांची थरथर, अंगाची ऊब लागली की बाहेर पडतात. मे महिन्यापासून बंद असलेल्या तुमच्या खोलीत चतुर्थीला सगळ्यांच्या पायांना चावे येतात ना, ते यामुळे.

सुनीलदादा : आणि आम्ही दरवर्षी म्हणतो की डास आहेत.

वैशाली : म्हणून काकी, मनी निजते ते गोणपाट प्लास्टिकच्या पिशवीत बांधून टाकून दे. जुनी चादर घाल आणि दर दोन-तीन दिवसांनी ती कडकडीत पाण्यात धू. आता ऊन नाही, तेव्हा गरम पाण्याचाच भरवसा. माळ्यावरच्या गोधड्याही धुवायला काढ. दादा, येताना गाडीचा व्हॅक्यूम आण, भेगा आणि कोपरे त्यानेच निघतील. दोन-तीन महिने नेटाने करावं लागेल.

सुनीलदादा : आणतो. ब्रूनोला आणू की नको? त्याला परवाच थेंब लावलेत.

वैशाली : दादा, हे विचारलंस ते बरं केलंस. तो आणि मनी मागच्या वेळी एकाच गोणपाटावर झोपत होते. मनी त्याला चाटते. तुम्ही येईपर्यंत आठवडा उलटेल, तरी पर्मेथ्रिन नसलेलं औषध त्याच्या डॉक्टरांकडून लिहून घे आणि यापुढे तेच लाव. चतुर्थीचे दिवस त्याला मागच्या दारी ठेवू.

काका : मनीला आज घेऊन गेलो होतो. वजन २ किलो ८०० ग्रॅम. डॉक्टरांनी मांजरासाठीचे थेंब दिले, आणि शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले म्हणून कृमीचं औषधही. म्हणाले, पिसू गिळल्याने पट्टकृमी होतात.

काकी : बाटली परत देऊन इलंय. तेंकाय सांगलंय, त्यांच्या घरातय तीन माजरा हत.

काकी : पिल्लांच्या हिरड्या बघितलंय. चौघांचे गुलाबी. फणीन विंचरलंय, एकाच्या अंगारचे सतरा काढलंय.