मदत हवी आहे: फळाभर विषयांतून एक कसा निवडायचा?

नमस्कार मंडळी. जळगावात आमची हौशी मंडळी अहिराणी एकांकिका बसवतेय. विषय सुचवायला सगळे पुढे: कानबाई देवीच्या रोटांवरून (प्रसादाच्या जाड पोळ्यांवरून) भावकीत पडलेली फूट, रावेरकडच्या केळीबागेतली वादळानंतरची रात्र, सुरतेला गेलेला पोरगा... फळा भरलाय. निवडायची वेळ आली की सगळे गप्प, नाहीतर आणखी एक नवा विषय! सुचवताना टीका नको, हा ॲलेक्स ऑस्बर्नचा ब्रेनस्टॉर्मिंगचा नियम पाळला. गाडं अडलंय त्याच्यापुढे. हात वर करून मतदान नको, त्यात कुणालाच न खटकणारा मिळमिळीत विषय जिंकतो. दोन-तीन विषयांचे छोटे प्रवेश उभे करून बघावेत का? की दिग्दर्शकानेच ठरवावं? आणि ज्याचा विषय गळतो तो रुसून तालमीला येत नाही, त्याचं तुम्ही काय करता?