आवाज सरळ, चित्र मात्र झटके खातंय. नेट, लॅपटॉप की ब्राउझर?

घणसोलीकर_बाबा | रविवार, रात्री ११:४०

मंडळी नमस्कार, धागा जरा लांबणार आहे, आधीच माफी मागतो. मुलगा बारावीला आहे, क्लासची रेकॉर्डेड लेक्चर्स यूट्यूबच्या लिंकवर येतात आणि गेले तीन आठवडे घरात एकच रड चालू आहे, बाबा व्हिडिओ अडकतोय. अडकतोय म्हणजे ते गोल गोल फिरत बसतं तसं नाही हां. आवाज एकदम खणखणीत, सर बोलतायत, पण चित्र झटके खात चालतं. सर इंटिग्रेशनचं चिन्ह काढायला हात वर नेतात, हात तिथेच गोठतो, आणि पुढच्या झटक्याला खाली उत्तर लिहून त्याला चौकटपण मारून झालेली असते. मधल्या चार ओळी कुठे गेल्या ते सरांनाच ठाऊक.

लॅपटॉप २०१७ चा आहे, आय५ सातवी जनरेशन, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक कार्ड नाही, इंटेलचंच एचडी ६२०. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार संपणार म्हणून सगळीकडे बोंब होती तेव्हा एका दुकानात देऊन एसएसडी टाकून घेतली, त्यानेच विंडोज ११ पण टाकून दिलं. ब्राउझर क्रोम. नेट १०० एमबीपीएस, केबलवाला दोनदा येऊन गेला, दोन्ही वेळा मोबाईलवर ९४ स्पीड दाखवून चहा पिऊन गेला. मग लॅपटॉप उचलून परत दुकानात नेला तर तो म्हणतो ग्राफिक चिप गेली, बोर्ड बदलावा लागेल, साडेसात हजार. बोर्ड मागवू का म्हणून विचारत होता, मी दोन दिवस थांब म्हटलंय. नवा घ्यायचा तर जूनपर्यंत तरी शक्य नाही. काय करू?

कळवा_लोकल | रविवार, रात्री ११:५२

राउटर बंद करून दोन मिनिटांनी चालू करा. क्रोमची हिस्टरी, कॅश सगळं साफ करा. माझं तेवढ्यानेच झालं होतं.

नौपाडेकर | सोमवार, सकाळी ८:१५

कळवाकर, धागा नीट वाचा हो, आवाज अखंड येतोय म्हणतायत ते. नेट कमी पडलं असतं तर आवाज आणि चित्र दोन्ही एकदम थांबले असते आणि ते गोल फिरणारं आलं असतं. इथे माल घरात पोचलाय, तो सोडवून पडद्यावर मांडणारा कमी पडतोय. केबलवाल्याला आता चहा नको.

बाबा, एक करा. व्हिडिओ चालू असताना त्याच्यावर राइट क्लिक करा, सगळ्यात खाली स्टॅट्स फॉर नर्ड्स असं येईल ते दाबा. डाव्या कोपऱ्यात एक काळी चौकट उघडेल. त्यातल्या तीन ओळी इथे टाका. एक कोडेक्स, म्हणजे व्हिडिओ कोणत्या पद्धतीने बांधलाय ते, दोन ड्रॉप्ड फ्रेम्स, तीन बफर हेल्थ, म्हणजे पुढचा किती सेकंदांचा व्हिडिओ आधीच उतरलाय ते. ड्रॉप्डचा आकडा म्हणजे किती चित्रं दाखवायची होती आणि त्यातली किती वेळेत तयार न झाल्यामुळे टाकून दिली, त्याचा हिशोब. चांगल्या मशीनवर पहिल्या दोनचार सेकंदांत थोड्या जातात आणि मग तो आकडा हलत नाही.

आणि बोर्डाला हो म्हणू नका एवढ्यात.

घणसोलीकर_बाबा | सोमवार, रात्री १०:०५

ऑफिसातून आल्या आल्या बघितलं. कोडेक्समध्ये vp09 ने सुरू होणारं, सॉरी रोमन आलं, व्हीपी झिरो नाइन ने सुरू होणारं काहीतरी लांबलचक आहे. बफर हेल्थ ४० सेकंदांच्या वर. आणि ड्रॉप्ड फ्रेम्स २,९१० पैकी १,१२४!! आणि आकडा डोळ्यांदेखत वाढतोय.

वाशी_सेक्टर१७ | सोमवार, रात्री १०:२०

तिसऱ्या हिश्शाहून जास्त फ्रेम गेल्या की. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये सिस्टीम म्हणून आहे, तिथे यूज ग्राफिक्स अ‍ॅक्सिलरेशन व्हेन अवेलेबल असं बटण दिसेल, पूर्वी त्याला हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन म्हणायचे. ते बंद करा, बाजूला रीलाँच येईल ते दाबा. विषय संपला. आमच्या ऑफिसात पन्नासेक मशीनवर हेच केलंय.

घणसोलीकर_बाबा | सोमवार, रात्री १०:४८

अहो चमत्कार!! वाशीकर तुम्हाला साष्टांग. बटण बंद केलं, रीलाँच केलं, तेच लेक्चर लावलं, सरांचा हात लोण्यासारखा फिरतोय. दहा मिनिटं बघितलं, पाचसहा फ्रेम गेल्या फक्त. तीन आठवडे आणि केबलवाल्याचे दोन चहा वाया. धन्यवाद सगळ्यांना.

घणसोलीकर_बाबा | मंगळवार, संध्याकाळी ७:३०

धन्यवाद परत घेतो. मुलगा म्हणतो काहीही झालेलं नाहीये, अजून अडकतंय. वर लॅपटॉपचा पंखा असा घरघरतोय की बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं काय लावलंय. मी लावून बघतो तेव्हा नीट चालतं, तो लावतो तेव्हा अडकतं. शपथेवर सांगतो तोच लॅपटॉप, तेच लेक्चर. आता मला मुलावरच संशय यायला लागलाय.

ठाण्याची_ताई | मंगळवार, रात्री ८:०२

मुलगा स्पीड किती ठेवतो ते बघा आधी. माझी भाची सगळी लेक्चर्स दुप्पट स्पीडने बघते, सर नुसते चिमण्यांसारखे चिवचिवतात, पण तिला म्हणे समजतं.

घणसोलीकर_बाबा | मंगळवार, रात्री ८:१०

ताई!!! २x. सगळी २x. मी रात्री बसून १x वर तपासत होतो.

नौपाडेकर | मंगळवार, रात्री ९:२५

वा ताई, मानलं.

बाबा, आता सगळं जुळतंय, जरा सविस्तर लिहितो. व्हिडिओ येतो तो कोंबून बांधलेला असतो, तो उलगडायचं काम दोन जण करू शकतात. एक प्रोसेसर, जो बाकीचीही सगळी कामं करतो, आणि दुसरा ग्राफिक चिपमधला छोटा भाग, ज्याला फक्त हेच एक काम येतं पण तो ते न थकता, न तापता करतो. अ‍ॅक्सिलरेशन चालू म्हणजे काम चिपकडे. बंद केलंत म्हणजे सगळं प्रोसेसरच्या डोक्यावर आलं. तीस फ्रेमचा व्हिडिओ नेहमीच्या स्पीडला तुमच्या आय५ ने निभावला, पण २x केला की सेकंदाला साठ फ्रेम उलगडायला लागतात, तिथे तो हाशहुश करायला लागला. पंखा त्याचाच. आणि नुसता व्हिडिओ नाही, ब्राउझरचं पान रंगवायचं कामही आता प्रोसेसरच करतोय, लांबलचक पान स्क्रोल करून बघा किंवा सॅटेलाइट मॅप झूम करून बघा, तिथेही झटके दिसतील.

म्हणून वाशीकर, राग मानू नका, पण ते बटण बंद करणं ही तपासणी आहे. बंद केल्यावर फरक पडला याचा अर्थ एवढाच की घोळ ग्राफिकच्या बाजूला आहे. आता चिप मेलीये की तिला चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, भलतं आहे हे बघायचं. माझा पैसा ड्रायव्हरवर. चिप मेली असती तर पडद्यावर रेघा, ठिपके, काहीतरी आलं असतं, विंडोज सुरू होतानाच रडलं असतं.

यांची सातवी जनरेशन आहे. व्हीपी नाइन, म्हणजे तुमच्या कोडेक्समध्ये दिसलेला व्हीपी झिरो नाइन, पूर्णपणे चिपवर उलगडायची सोय इंटेलने याच जनरेशनपासून दिली, म्हणजे लॅपटॉपची लायकी आहे. एव्ही वन हा त्याहून नवा कोडेक असता तर गोष्ट वेगळी, ती सोय इंटेलकडे अकराव्यापासून, २०२० ची.

आता हे करा. बटण परत चालू. मग अ‍ॅड्रेस बारमध्ये क्रोम, कोलन, दोन स्लॅश, जीपीयू असं रोमनमध्ये टाइप करून वर जी यादी येते त्यात व्हिडिओ डीकोड, म्हणजे हेच उलगडायचं काम, त्याच्यासमोर काय लिहिलंय ते बघा. आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर्स उघडा, त्यात इंटेलचं नाव येतंय का आणि ड्रायव्हरची तारीख काय आहे ते सांगा.

वाशी_सेक्टर१७ | मंगळवार, रात्री ९:४०

राग कसला, आमच्याकडे एक्सेल आणि मेल चालतं, कोण लेक्चर बघतंय. पन्नास मशीनवर एकेक ड्रायव्हर कोण शोधत बसणार. पण मुद्दा बरोबर.

ट्रान्सहार्बर | मंगळवार, रात्री ११:१५

धागा थोडा पळवतोय, क्षमस्व. माझा असाच प्रॉब्लेम आहे पण ड्रायव्हर ताजा आहे. डेस्कटॉपला दोन मॉनिटर, एक १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा, गेमिंगचा आणि दुसरा जुना ६० चा. जुन्यावर व्हिडिओ लावून इकडे गेम चालू केला की व्हिडिओ अडखळतो. एकच मॉनिटर ठेवला की मक्खन. बटण चालू बंद करून फरक नाही.

नौपाडेकर | मंगळवार, रात्री ११:३०

१४४ वाला १२० वर आणून बघा. १२० म्हणजे ६० ची बरोब्बर दुप्पट, ताल जुळतो. हा त्रास जुन्या विंडोजमध्ये फार होता, आता कमी झालाय पण गेला नाहीये. तरी नाही जमलं तर वेगळा धागा काढा, बाबांचं आधी होऊ दे.

ठाण्याची_ताई | बुधवार, सकाळी ९:१०

वाचणाऱ्यांसाठी दोन गोष्टी, कारण मी घरूनच काम करते आणि यात बरीच बोटं भाजून घेतलीयेत. फायरफॉक्स वापरत असाल तर हेच बटण जनरलमध्ये खाली परफॉर्मन्सपाशी आहे, पण लपलेलं असतं, आधी रेकमेंडेड सेटिंग्जची बरोबरची खूण काढायची मग ते खाली उघडतं. आणि लॅपटॉप चार्जरशिवाय वापरताना क्रोमचा एनर्जी सेव्हर चालू असेल तर तो मुद्दामच व्हिडिओचे फ्रेम कमी करतो. मी सोफ्यावर बसून बघितलं की अडखळायचं आणि टेबलावर बसलं की नीट, म्हणून मी आठवडाभर वायफायचा राउटर घरभर फिरवत होते. टेबलापाशी चार्जर होता हे डोक्यातच आलं नाही.

घणसोलीकर_बाबा | बुधवार, रात्री १०:३०

जीपीयूच्या पानावर व्हिडिओ डीकोडसमोर हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेटेड असंच हिरव्यात लिहिलंय, म्हणजे क्रोमला वाटतंय सगळं आलबेल आहे. पण ड्रायव्हरची तारीख बघा, २०१७!! विंडोज ११ वर २०१७ चा ड्रायव्हर. दुकानवाल्याने विंडोज टाकलं आणि जे आपोआप आलं ते आलं, पुढे बघितलंच नाही.

नौपाडेकर | बुधवार, रात्री १०:४१

सापडला. लॅपटॉप कंपनीच्या साइटवर जा, लॅपटॉप उलटा करून खालच्या स्टिकरवरचा सिरियल नंबर तिथे टाका, ग्राफिक्सचा सगळ्यात नवा ड्रायव्हर उतरवून ठेवा. तिथे जुनाच पडलेला असेल तर इंटेलच्या साइटवरून घ्या. मग, हे महत्त्वाचं, वायफाय बंद करा. नाहीतर तुम्ही जुना काढला की विंडोज मागच्या दाराने तोच परत आणून बसवतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या इंटेलवर राइट क्लिक, अनइन्स्टॉल, ड्रायव्हर काढून टाकायच्या चौकटीवर खूण करा. स्क्रीन दोन सेकंद काळी होईल, मग सगळं मोठ्ठं मोठ्ठं दिसायला लागेल, घाबरू नका, तात्पुरतं आहे. रीस्टार्ट, नवा ड्रायव्हर टाका, परत रीस्टार्ट, मग वायफाय.

ते क्रोमचे फ्लॅग्ज, म्हणजे आतली प्रायोगिक सेटिंग्ज, वगैरे बदलायला कुणी सांगितलं तर आत्ता नको. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशाने बरं झालं ते कळत नाही.

घणसोलीकर_बाबा | गुरुवार, रात्री ११:२०

झालं!!!

स्क्रीन काळी झाली तेव्हा माझा जीव खाली गेला होता, मुलगा शेजारी उभा राहून म्हणतोय बाबा गेला लॅपटॉप. मग ते मोठ्ठं मोठ्ठं आलं, तुम्ही आधी लिहिलं होतं म्हणून धीर धरला. सगळं झाल्यावर बटण चालू ठेवून तेच लेक्चर, या वेळी २x वर, मुद्दाम. अर्ध्या तासात सगळे मिळून अकरा फ्रेम गेल्या, त्याही सुरुवातीलाच. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सला जीपीयू उघडला तर व्हिडिओ डीकोडचा आलेख आता हलतोय आणि प्रोसेसर निवांत पडलाय, काल हाच नव्वदच्या वर होता. पंखा ऐकायला कान लावावा लागतो.

खर्च शून्य रुपये. साडेसात हजार वाचले. दुकानवाल्याचा आज दुपारी फोन होता, दोन दिवस झाले साहेब, बोर्ड मागवू ना? मी म्हटलं तुम्ही २०१७ चा ड्रायव्हर ठेवला होतात. तो म्हणतो हो का, मग बोर्ड नको का?

कळवा_लोकल | शुक्रवार, सकाळी ७:५५

कॅश साफ केली होती का शेवटी?

ठाण्याची_ताई | शुक्रवार, सकाळी ८:३०

कळवाकर 😄

बाबा, मुलगा काय म्हणतो?

घणसोलीकर_बाबा | शुक्रवार, रात्री ९:४५

गप्प आहे. काल रात्री साठलेल्या लेक्चर्सची यादी काढली, सव्वीस निघाली. आत्ता विचारलं कुठवर आलं, तर म्हणतो हेडफोनची एक बाजू वाजत नाहीये.