मदत हवी आहे: दादाचा हात प्रेसमध्ये गेला, बोटं वळत नाहीत, कंपनी सोमवारी बोलावतेय

येळ्ळूरचा_धाकटा
नमस्कार. घाई आहे म्हणून थोडक्यात लिहितो. दादाचा हात कंपनीतल्या प्रेस मशीनमध्ये गेला, त्याला नऊ आठवडे झाले. टाके निघाले, जखम भरली, पण बोटं वळत नाहीत. चहाचा कप धरता येत नाही. कंपनी म्हणते सोमवारपासून ये, नाहीतर दुसरा माणूस घेतो. ईएसआयचे (कामगार राज्य विम्याचे) पैसे येतात पण फारच कमी. फिजिओ कुठे करायची आणि कंपनीला असं करता येतं का? "डॉक्टरांना विचारा" असं कृपया लिहू नका. विचारून झालंय.

उद्यमबागचा_फिटर
हात कुठला? बोटं किती? आहेत का गेली? कंपनीच्या रोलवर आहे की ठेकेदाराकडे? पगार किती? यातलं काहीच न सांगता आम्ही काय सांगायचं, कप्पाळ?

खानापूरकर_काका
वाचून वाईट वाटले. पुण्यात वानवडीला सैन्याचे कृत्रिम अवयव केंद्र आहे, १९४४ पासूनचे. सामान्य लोकांनाही घेतात. आमच्या साडूंचा पाय तिथेच बसवला, आता शेतात नांगर धरतात. जयपूर फूट सुद्धा चांगला.

येळ्ळूरचा_धाकटा
काका, पाय नाही हो, हात.
उजवा. तर्जनीची पुढची दोन पेरं गेली, मधल्या बोटाचं एक. बाकीची दोन आणि अंगठा शाबूत आहेत, पण तीही आखडली. बेळगावजवळ मच्छेला ठेकेदाराकडे आहे, पगार १५ हजार, ईएसआय कापतात. आता सांगा.

हातवाली_फिजिओ
शाबूत बोटं आखडली ही जास्त काळजीची गोष्ट आहे. गेलेली पेरं परत यायची नाहीत, पण न कापलेली बोटं नऊ आठवडे तशीच ठेवली तर सांधे ताठरतात आणि मग सोडवणं अवघड होतं. तीन प्रश्न. हाड मोडलं होतं का, तार घातलीय का? टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी, जोडलंय का? हात झोळीत लटकवून ठेवतात का?

येळ्ळूरचा_धाकटा
तार होती, तीन आठवड्यांपूर्वी काढली. टेंडनचं माहीत नाही. हो, झोळीतच असतो. आईने सांगितलंय हलवू नको म्हणून.

हातवाली_फिजिओ
आईंना माझा नमस्कार सांगा आणि झोळी काढायला लावा. सूज असेल तर बसताना हात उशीवर, छातीपेक्षा वर. डिस्चार्ज कार्डावर टेंडन जोडल्याची नोंद आहे का ते बघा. असेल तर जोर लावायचा व्यायाम सर्जनला विचारूनच. नसेल तर मेणाचा शेक, आणि मग घरच्या घरी तांदूळ. मोठ्या डब्यात किलो-दोन किलो तांदूळ घ्यायचे, मनगटापर्यंत हात खुपसायचा, आत मूठ मिटायची, उघडायची. दहा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. बोटांची टोकं झणझणत असतील तर आधी कापूस फिरवा, मग मऊ फडकं, मग टॉवेल. टोकाला स्पर्श सहन होत नसेल तर माणूस ते बोट वापरतच नाही, बाजूला धरून ठेवतो. ती सवय एकदा लागली की सुटत नाही.
जायचं कुठे: अशोकनगरच्या ईएसआय दवाखान्यात लिहून घ्या. नाहीतर सिव्हिल. कागद होईपर्यंत थांबू नका, कागदाला महिने लागले तरी चालतं, हाताला नाही.

निवृत्त_कारकून
मी ईएसआयच्या कामात आयुष्य घालवलं, म्हणून एक विचारतो. "पैसे फारच कमी" म्हणजे किती? रोजचे साधारण ३५० का ४५०?

येळ्ळूरचा_धाकटा
३५० च्या आसपास. का?

निवृत्त_कारकून
कारण १५ हजार पगार म्हणजे रोजचे ५०० धरू. कामावर इजा झाली तर तात्पुरत्या अपंगत्वाचे ९० टक्के मिळतात, म्हणजे ४५०, आणि बरा होईपर्यंत मिळतात. तुमच्या दादांना ७० टक्के मिळतायत. म्हणजे त्यांचं प्रमाणपत्र आजारपणाचं काढलंय. आजारपणाचे पैसे वर्षाला ९१ दिवसच. नऊ आठवडे म्हणजे ६३ दिवस गेले, उरले २८. हे आजारपणात कसं गेलं? कंपनीने अपघाताचा अहवाल, फॉर्म १२, दिला नाही का?

(यावर सहा तास उत्तर नाही.)

उद्यमबागचा_फिटर
धाकट्या, गप्प का झालास?

येळ्ळूरचा_धाकटा
सांगतो. दवाखान्यात नेताना सुपरवायझर बरोबर होता. केसपेपरवर त्याने "घरी पडून लागले" असं लिहायला लावलं. म्हणाला, प्रेसचा गार्ड काढलेला होता, सगळ्यांनाच भानगड होईल, बिल आम्ही भरतो. प्रेसने डबल स्ट्रोक मारला होता, म्हणजे आपोआप परत खाली आली, दादाचा पाय पायडलवर नव्हताच. बिल ६२ हजार झालं, ते भरलं त्यांनी. आम्ही गप्प बसलो. आधी लिहिलं नाही कारण मला वाटलं फिजिओचा आणि याचा काय संबंध.

शहापूरची_सून
झालं! आमच्या सासऱ्यांच्या वेळी मागमालकाने अगदी हेच केलं होतं. बोट गेलं आणि हातात फक्त मिठाईचा पुडा आला.

उद्यमबागचा_फिटर
मी स्पष्ट बोलतो, राग मानू नका. ६२ हजार भरणारा मालक आजकाल मिळत नाही. आधी सोमवारी जाऊन पॅकिंगला, स्टोअरला बसवा म्हणून सांगा. भांडण काढलं तर उद्यमबाग, मच्छे सगळीकडे नाव होतं, मग कोणी गेटवर उभं करत नाही. मी ३१ वर्षं बघतोय.

निवृत्त_कारकून
फिटरसाहेब, तुमचा सल्ला पोटाचा आहे, कळतो मला. पण त्यात दादांची जन्मभराची पेन्शन जाते. हिशोब बघा. कायद्याच्या तक्त्यात तर्जनीची दोन पेरं ११ टक्के, मधल्या बोटाचं एक पेर ७ टक्के. मिळून १८. मेडिकल बोर्डाने तेवढंच धरलं तर ४५० चे १८ टक्के, रोजचे ८१ रुपये, मरेपर्यंत. नोकरी करून पगार घेतला तरी हे बंद होत नाहीत. पण कधी? इजा कामावरची ठरली तरच. घरी पडलेल्याला यातला छदामही नाही.

उद्यमबागचा_फिटर
८१ रुपयांसाठी नोकरी घालवायची?

निवृत्त_कारकून
नोकरी घालवता येत नाही, तेच तर सांगतोय. ईएसआयचा तसा नियम आहे. अपंगत्वाचे किंवा आजारपणाचे पैसे चालू असताना कामावरून काढता येत नाही. मात्र डॉक्टरांनी फिट लिहून दिलं की हे छत्र गेलं. म्हणून बोटं वळेपर्यंत फिट सर्टिफिकेट घ्यायचं नाही, कितीही गोड बोलले तरी. आणि सोमवारी जाऊन हजेरी लावली की त्या दिवसाचे पैसेही बंद.

निपाणीकर_७२
बँकेत २० रुपयेवाला प्रधानमंत्री सुरक्षा विमा काढलाय का? दोन लाख मिळतात!!

निवृत्त_कारकून
दोन लाख मृत्यूला किंवा पूर्ण अपंगत्वाला. एक हात, एक पाय किंवा एका डोळ्याची दृष्टी गेली तर एक लाख. बोटांच्या पेरांना काही नाही.

सीमावासी_तात्या
महाराष्ट्राने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना उपचारांची महात्मा फुले योजना दिली, ती का वापरत नाही आपण? इथे कन्नड फॉर्म भरत बसण्यापेक्षा कोल्हापूर गाठा. आपल्या माणसाला इथे कोण विचारतो? १९५६ पासून हेच चाललंय…

कृष्णा_अँड_को
तात्या, मी कन्नड घरातला, मराठी शाळेत शिकलो. ईएसआय केंद्राची आहे, फॉर्म इंग्रजीतही असतो. प्रेस काय भाषा विचारून बोटं घेते काय?

सीमावासी_तात्या
तुम्हाला काय कळणार ८६५ गावांचं दुःख.

धागापाल
सीमाप्रश्नाला वेगळे धागे आहेत, तिथे जा. पुढचे चार प्रतिसाद उडवले आहेत.

येळ्ळूरचा_धाकटा
माझा प्रश्न तसाच राहिला. केसपेपरवर घरी पडलं असं आहे, आता काय करायचं? ६२ हजार परत मागितले तर? आणि ईएसआयकडून दुसरं काम शिकवतात असं एकाने सांगितलं, ते खरं का?

निवृत्त_कारकून
शिकवण्याची योजना आहे, पण अपंगत्व किमान ४० टक्के आणि वय ४५ च्या आत लागतं. तुमचं १८ होतंय. त्याच्या मागे लागू नका.
केसपेपर म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. घरी पडून दोन बोटांची पेरं चिरडत नाहीत. सर्जनने ऑपरेशनच्या नोंदीत काय लिहिलंय त्याची नक्कल मागा, बहुतेक "क्रश" असेल. मग दादांच्या सहीचा साधा अर्ज ईएसआयच्या शाखा कार्यालयात: तारीख, वेळ, कुठली प्रेस, बाजूला कोण होतं, केसपेपरवर तसं कुणी आणि का लिहायला लावलं. खरं तेच लिहा. त्यावर चौकशी लागते. त्या दिवशीची हजेरी, सुपरवायझरचे फोन, गाडीवाला, काय असेल ते जोडा. एका प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. ४८ तास किंवा जास्त काम बंद पडणारा अपघात कारखाना निरीक्षकालाही कळवायचा असतो, तोही त्यांनी कळवलेला नसणार. नाही ऐकलं तर ईएसआय न्यायालय आहे, पण क्लेम वर्षाच्या आत टाका.
६२ हजारांचं म्हणाल तर अपघात झाकायला ते त्यांनी स्वतःहून भरले. ते मागायला कुठल्या तोंडाने येणार?

उद्यमबागचा_फिटर
बाजूला कोण होतं ते लिहायच्या आधी त्या पोराला विचार. त्याच्याही घरी चूल आहे.

हातवाली_फिजिओ
हे मात्र फिटरकाकांचं बरोबर आहे. आणि झोळी काढली का?

येळ्ळूरचा_धाकटा
(आठ दिवसांनी) उशिरा लिहितोय, पळापळ चालली होती. सोमवारी दादा गेला नाही. सुपरवायझरचे चार फोन आले, पाचव्याला वहिनीने उचलून "ईएसआयला अर्ज दिलाय" सांगितलं, तेव्हापासून फोन नाही. पोच मिळाली. बाजूचा मुलगा आधी नको म्हणाला, मग रात्री स्वतः घरी आला, सही देतो म्हणाला. ऑपरेशनच्या नोंदीत क्रशच लिहिलंय, टेंडन जोडलेलं नाही. फिजिओ लिहून घेतली, आठवड्यातून तीन दिवस जायचंय.
करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आता तळव्याला टेकायला दीड बोट अंतर उरलंय. आईने रेशनच्या तांदळाचा डबा दिलाय, पण त्याचा भात करणार नाही म्हणते, चिमण्यांना घालणार आहे. चौकशीला बोलावलं की परत विचारेन.

खानापूरकर_काका
छान. जयपूर फूटचा पत्ता पाठवू का?