मुलाखतीच्या प्रश्नांची यादी पाठ करून उपयोग होतो का?

अर्धविराम विचारतात:

जावा बॅकएंडच्या मुलाखती दहा दिवसांवर आल्या आहेत. हाताशी ३०० प्रश्नोत्तरांची पीडीएफ आहे, सगळीकडे फिरते तसलीच: हॅशमॅप (की देऊन नोंद शोधायची जावातली रचना) आतून कसा चालतो, डेटाबेसमधल्या डिलीट आणि ट्रंकेटमधला (टेबल एकदम रिकामं करणं) फरक, दुसऱ्या क्रमांकाचा पगार काढा, वगैरे. काही जण म्हणतात घोकून टाक, निम्मे प्रश्न यातूनच येतात. बाकीचे म्हणतात पाठांतर लगेच पकडलं जातं. नेमकं कसं पकडलं जातं? आणि यादी वापरायचीच तर कशी वापरायची? 'कन्सेप्ट क्लिअर ठेव' याच्या पुढचं काहीतरी सांगा.

---

नल_पॉइंटर:

पकडलं जातं ते दुसऱ्या प्रश्नाला. पहिला प्रश्न यादीतला आहे हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असतं, तो फक्त विषयाला हात घालायला विचारलेला असतो.

हॅशमॅपच घ्या. पाठ उत्तर असं: आत बकेट्सचा (नोंदी ठेवायच्या खणांचा) अ‍ॅरे, सुरुवातीचा आकार १६, लोड फॅक्टर (किती भरल्यावर आकार वाढवायचा) ०.७५, म्हणून तेरावी नोंद पडली की आकार दुप्पट. जावा ८ पासून एका बकेटमध्ये आठाच्या पुढे नोंदी गेल्या की लिंक्ड लिस्टचं रेड-ब्लॅक ट्री (शोधायला वेगवान रचना) होतं. सगळं बरोबर आहे. (एकूण बकेट्स ६४ पेक्षा कमी असतील तर ट्री न करता आधी आकारच वाढवला जातो, हे बहुतेक याद्या गाळतात.) मग विचारणारा म्हणतो, 'की म्हणून आपल्या एम्प्लॉयी क्लासचा ऑब्जेक्ट टाकला आणि नंतर त्याचा आयडी बदलला. आता गेट केलं तर काय मिळेल?'

घोकलेलं इथे संपतं. उत्तर आहे नल (काहीच नाही), हॅशकोड (बकेट ठरवणारा आकडा) आयडीवरून काढला जात असेल तर. पण नोंद कुठे गेली? ती मॅपमध्येच आहे. साइज १ दाखवेल, लूप फिरवला तर दिसेलही. टाकताना काढलेला हॅश नोंदीसोबत साठवलेला असतो. आता नवा हॅश दुसऱ्याच बकेटकडे नेतो आणि योगायोगाने तीच बकेट आली तरी साठवलेला हॅश जुळत नाही. जुना आयडी घालून नवा ऑब्जेक्ट केला आणि त्याने शोधलं तर? बकेट बरोबर सापडते, हॅशही जुळतो, पण इक्वल्स (दोन ऑब्जेक्ट समान आहेत का ते पाहणारी मेथड) खोटं येतं, कारण आतल्या कीचा आयडी बदललेला आहे. म्हणजे ती नोंद दोन्हीकडून हाताबाहेर गेली.

असाच पुढचा प्रश्न: हॅशकोड कायम १ परत करत असेल तर? मॅप चुकत नाही, फक्त रखडतो. कीने कम्पॅरेबल इम्प्लिमेंट केलेलं असेल (म्हणजे कींमधली लहान-मोठी ठरवता येत असेल) तरच ट्रीचा खरा फायदा मिळतो.

हे पाहायला वीस-पंचवीस ओळींचा प्रोग्राम पुरतो. एकदा चालवून पाहिलेलं माणूस वेगळ्या तऱ्हेने बोलतो आणि समोरच्याला ते ऐकू येतं.

---

बफर:

वरचं मान्य, पण पाठांतराला सरसकट नावं ठेवू नका. पहिली फेरी पुष्कळदा फोनवर किंवा पर्याय निवडण्याची असते. तिथे 'का' विचारायला वेळच नसतो. आणि काही गोष्टींत समजण्यासारखं फारसं नसतंच, कुणीतरी ठरवलेलं असतं आणि ते लक्षात ठेवावं लागतं. एचटीटीपीचा ४०१ म्हणजे तुम्ही कोण ते सिद्ध झालेलं नाही, ४०३ म्हणजे परवानगी नाही. डेटाबेस ट्रान्झॅक्शनच्या चार आयसोलेशन पातळ्या (एकाच वेळी चालणारी ट्रान्झॅक्शन्स एकमेकांपासून किती वेगळी ठेवायची) आणि कुठली पातळी डर्टी रीड (दुसऱ्याचा कमिट न झालेला डेटा वाचणं), नॉन-रिपीटेबल रीड (तीच ओळ पुन्हा वाचताना बदललेली दिसणं), फँटम (तीच क्वेरी पुन्हा चालवल्यावर नव्या ओळी उगवणं) यांतलं काय अडवते, तो तक्ता. कुठल्या कलेक्शनवर कुठली क्रिया ओ ऑफ एन (नोंदींसोबत वेळ वाढतो) आणि कुठली ओ ऑफ वन (वाढत नाही). हे तोंडपाठच हवं. दर वेळी डोक्यात मांडत बसलात तर अवघड प्रश्नाला वेळ उरत नाही.

फक्त पाठ करायची पद्धत बदला. पीडीएफ पुन्हापुन्हा वाचू नका. उत्तर झाका, मोठ्याने बोला, मग उघडून ताडा. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवलं की पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे असतात, पण आठवड्याने विचारलं तर स्वतःची परीक्षा घेतलेले पुढे जातात. पुन्हा वाचल्यावर 'येतंय आपल्याला' असं वाटतं, तेच फसवतं.

---

जुना_इंडेक्स:

यादीतली उत्तरंच चुकीची किंवा शिळी असतात, हा मुद्दा दोघांच्याही बोलण्यातून सुटला. बफर यांच्या तक्त्यालाच पुरवणी: एसक्यूएलच्या मानकाप्रमाणे रिपीटेबल रीड या पातळीवर फँटम येऊ शकतो, पण पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये त्या पातळीवर येत नाही. 'ट्रंकेट रोलबॅक होत नाही' (मागे घेता येत नाही) हे वाक्य जवळपास प्रत्येक यादीत आहे. ओरॅकल आणि मायएसक्यूएलमध्ये ते खरं, कारण तिथे ट्रंकेटबरोबर आपोआप कमिट होतो (बदल पक्का होतो). पोस्टग्रेस आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये ट्रान्झॅक्शनच्या आत केलेला ट्रंकेट व्यवस्थित रोलबॅक होतो. इंटरफेसमध्ये मेथडला बॉडी नसते, हे जावा ८ पासून खोटं. पर्मजेन (क्लासची माहिती ठेवायची मेमरी) तर जावा ८ मध्येच गेलं, जागी मेटास्पेस आलं. तरी पर्मजेनचा प्रश्न याद्यांत आहेच.

आता तो दुसऱ्या क्रमांकाचा पगार. पाठ केलेलं उत्तर: उतरत्या क्रमाने लावा, लिमिट १ ऑफसेट १ (पहिली ओळ सोडून पुढची एक). पाच ओळींचं टेबल करा, पगार ९०, ९०, ७०, ५० आणि एक नल (हजारांत समजा). अपेक्षित उत्तर ७०.

मायएसक्यूएलमध्ये हे उत्तर ९० देतं, कारण वरचे दोघे सारखेच आहेत. डिस्टिंक्ट (सारखे पगार एकदाच) लावलं की ७० मिळतं. तीच डिस्टिंक्टवाली क्वेरी पोस्टग्रेसवर चालवा, पुन्हा ९०! कारण पोस्टग्रेस उतरत्या क्रमात नल सगळ्यात वर ठेवतं. डेन्स रँकही (सारख्यांना एकच क्रमांक, मधला क्रमांक न गाळता) त्याच कारणाने चुकतो, नलला पहिला क्रमांक मिळतो. आधी नल गाळावे लागतात. साधा रँक वापरलात तर नल गाळूनही क्रमांक १, १, ३ असे येतात आणि 'रँक बरोबर २' ला काहीच सापडत नाही. 'कमाल पगारापेक्षा कमी असलेल्यांतला कमाल' ही जुनी सबक्वेरी मात्र दोन्हीकडे ७० देते आणि दुसरा पगारच नसेल तेव्हा नल देते. पण 'आता पाचवा काढा' म्हटलं की ती निरुपयोगी.

एवढ्या एका प्रश्नात अर्धा तास मुलाखत चालू शकते. म्हणून यादीतल्या प्रत्येक उत्तरापुढे दोन गोष्टी लिहा: कुठल्या आवृत्तीत किंवा कुठल्या डेटाबेसमध्ये खरं, आणि कुठल्या डेटावर मोडतं.

---

अर्धविराम:

हे पटलं, पण ३०० प्रश्न आणि दहा दिवस. सगळ्यांना असं करता येणार नाही ना?

---

नल_पॉइंटर:

नाही, आणि गरजही नाही. पहिला दिवस फक्त निवडीला द्या. आधी तेच ते प्रश्न एकत्र करा. 'स्ट्रिंग इम्म्यूटेबल (न बदलणारी) का' हा एकच प्रश्न तीन-चार रूपांत सापडेल. मग प्रत्येकावर उत्तर झाकून एक मिनिट बोला आणि खूण करा: समजावता येतं, शब्द येतात पण कारण येत नाही, अजिबात येत नाही. तिसऱ्या ढिगातलं नोकरीच्या जाहिरातीत ज्याचा उल्लेख आहे तेवढंच उचला, बाकी सोडून द्या. मधला ढीग सगळ्यात धोक्याचा, कारण तिथे तुम्ही आत्मविश्वासाने पहिलं वाक्य बोलता आणि दुसऱ्याला अडकता.

पुढचे सात दिवस त्या मधल्या ढिगातले रोज सहा-सात, प्रत्येकी साधारण अर्धा तास. दीड मिनिटात तोंडी उत्तर, एक छोटा प्रोग्राम किंवा क्वेरी, मग एक अट मुद्दाम मोडून काय होतं ते पाहणं. कोडिंगच्या प्रश्नांनाही तेच. बेरीज जुळणाऱ्या दोन संख्यांचा हॅशमॅपवाला उपाय येतो ना? मग अ‍ॅरे क्रमाने लावलेला आहे असं धरा आणि जादा मेमरी न वापरता दोन पॉइंटरने सोडवा. क्रम लावलेला नसेल आणि मूळ इंडेक्स परत द्यायचे असतील तर नुसतं सॉर्ट करून का चालत नाही, तेही बोलून पाहा. बफर म्हणतात त्या तोंडपाठ गोष्टी रोज वीस मिनिटं, वेगळ्या.

शेवटचे दोन दिवस कुणालातरी समोर बसवा. त्यांना जावा येत नसली तरी चालेल, त्यांनी फक्त 'का?' आणि 'हे बदललं तर?' एवढंच विचारायचं.

---

बफर:

आणि मुलाखतीत पूर्वी सोडवलेला कोडिंग प्रश्न आला तर तसं सांगून टाका. विचारणारा एकतर प्रश्न बदलेल, नाहीतर त्यातच एखादी अट वाढवेल. आठवत आठवत सुचल्याचा आव आणला की विचारणाऱ्याला पहिल्या दोन मिनिटांत कळतं: कच्चा उपाय नाही, उदाहरण घेऊन पाहणं नाही, थेट शेवटचा कोड, आणि मधल्या एका ओळीचं कारण विचारलं की शांतता. ओळखीचा प्रश्न असला तरी आधी इनपुटच्या मर्यादा विचारा: रिकामा अ‍ॅरे, ऋण संख्या, एकच संख्या दोनदा आली तर काय.