पानिपतावर बायकामाणसं कशासाठी?
नेहमी म्हटलं जातं की मराठी फौजेचे सेनापती सदाशिवरावभाऊंनी बायका बरोबर नेल्या, म्हणून १७६१ ची पानिपतची लढाई आपण हरलो. हे मला फार सोपं उत्तर वाटतं.

कुटुंबकबिला नेणं ही तेव्हाची रीतच होती. औरंगजेबाची दख्खनमधली छावणी म्हणजे तर चालतं शहर! शिवाय मथुरा, प्रयाग, काशी घडेल या आशेने यात्रेकरूही निघाले. फौजेचं संरक्षण मिळालं तरच एवढा लांबचा प्रवास जमायचा. शिवाजी महाराजांनी मात्र लष्करात बायको, बटीक (दासी) ठेवायला सक्त मनाई केली होती. ते शहाणपण पुढे सुटलं, हे मान्य.

पण १७६० च्या ऑक्टोबरअखेर अफगाण बादशहा अब्दाली बागपतला यमुना उतरला, मराठ्यांची परतीची वाट तुटली, डिसेंबरात त्यांना रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसद आटली. तोंडं जास्त म्हणून धान्य लवकर संपलं हे खरंच. पण त्यांत बायकांपेक्षा बाजारबुणगे, नोकरचाकर आणि जनावरंही होतीच की. (घोड्याची वैरण कोणी हिशोबात धरत नाही.)

नाना फडणीस तेव्हा जेमतेम अठरा वर्षांचे. आई आणि बायको दोघी छावणीत. लढाई मोडल्यावर अंगावरचे कपडे टाकून जीव वाचवत ते पायी निघाले. बायको पुढे सुखरूप भेटली, आई कायमची हरवली. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई निसटल्या. भरतपूरचा राजा सुरजमल जाटाने वाचलेल्यांना आसरा दिला. ज्या बायका शत्रूच्या हाती लागल्या, त्यांतल्या बहुतेकींची नावंसुद्धा कुठल्या कागदात नाहीत.