मदत हवी आहे: संगणक सुरू होताना नॅसचं (नेटवर्कवरून फाइली ठेवायच्या डब्याचं) शेअर फोल्डर माउंट होत नाही (संगणकाला जोडलं जात नाही), हाताने केलं की लगेच होतं

राम राम मंडळी. रावेरला आमचा केळीचा व्यापार आहे. काट्याजवळच्या संगणकावर उबंटू २४.०४ (लिनक्सचा एक प्रकार) आणि आतल्या खोलीत नॅस. मधली केबल उंदरांनी दोनदा कुरतडली, तेव्हापासून वायफायवर भागवतोय. काटापट्ट्यांच्या फाइली नॅसवरच्या सांबा शेअरमध्ये (नेटवर्कवरून वापरायच्या फोल्डरमध्ये) जातात, त्यासाठी एफएसटॅबमध्ये (सुरू होताना काय काय माउंट करायचं त्याच्या यादीत) सीआयएफएसची, म्हणजे असं शेअर जोडायची, ओळ टाकली आहे.

सकाळी संगणक लावला की फोल्डर रिकामं. टर्मिनलमध्ये 'सुडो माउंट -ए' (यादीतलं सगळं माउंट करायची कमांड) मारलं की सगळं हजर. म्हणजे पासवर्ड, आयपी, परमिशन ठीक असणार.

मंगळवारी तर फजितीच झाली. पोराने माउंट न करताच दिवसभराच्या पट्ट्या त्या फोल्डरमध्ये सेव्ह केल्या. बुधवारी मी माउंट मारलं आणि पट्ट्या गायब! ट्रकवाला दारात हिशोबासाठी उभा, मला घाम. शेवटी अनमाउंट केल्यावर दिसल्या. इथल्याच डिस्कवर होत्या, शेअर वर चढल्याने झाकल्या गेलेल्या.

ओळीत '_नेटडेव्ह' (हे नेटवर्कवरचं आहे असं सांगणारा पर्याय) टाकून पाहिलं, फरक नाही. नेटवर्कमॅनेजरची 'वेट-ऑनलाइन' सेवा (नेटवर्क जोडलं जाईपर्यंत थांबवणारी) चालू आहे. लॉगमध्ये 'माउंट एरर १०१, नेटवर्क इज अनरीचेबल' येतं. लाईट गेल्यावर नॅस उशिरा उठतो, त्यामुळे असेल का? भाऊ म्हणतो 'स्लीप ६०' ची (साठ सेकंद थांबून मग माउंट करणारी) स्क्रिप्ट लाव, पण असला जुगाड नको वाटतो.

उत्तर:
दादा, नॅसला दोष देऊ नका. तो बंद असता तर बहुतेक एरर ११३ (समोरच्या मशीनपर्यंत पोहोचता येत नाही) आला असता. १०१ म्हणजे त्या क्षणी तुमच्याच मशीनला नेटवर्क नाही. वायफायच्या सेटिंगमध्ये 'इतर वापरकर्त्यांसाठी उपलब्ध' यावर टिक आहे का? नसेल तर वायफाय लॉगिननंतरच जोडलं जातं आणि माउंट त्याआधीच आपटतं. 'वेट-ऑनलाइन'ही अशा वेळी उगाच थांबत नाही, जोडण्यासारखं काही नाही म्हणून पुढे जातं.

शिवाय ओळीत 'नोफेल' (माउंट फसलं तरी संगणक सुरू होणं अडू नये म्हणून) आणि 'एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट' टाका. मग फोल्डर उघडेल तेव्हाच माउंट होईल, नॅस उशिरा उठला तरी चालेल. आणि शेअर उतरवून खालच्या रिकाम्या फोल्डरला 'सीएचअॅटर +आय' (फोल्डरला कुलूप घालणारी कमांड) लावा. माउंट नसताना कोणी तिथे लिहूच शकणार नाही.

मूळ प्रश्नकर्ता:
टिक नव्हतीच! लावली, तीनदा रीस्टार्ट केलं, तिन्ही वेळा लॉगिनआधीच शेअर चढलेलं. ऑटोमाउंटही टाकलं. 'सीएचअॅटर' मात्र उद्या, आजची गाडी भरून झाल्यावर. आधी मंगळवारच्या पट्ट्या तिथून हलवतो.